दिएगोच्या गावचं पाणी

सिडनीत हॅरिस पार्कला आमचं पोळ्यांचं किचन आहे. हात लाटण्यात गुंतलेले असतात, तोंडं रिकामी. मग किस्से साचणारच. एक संपत नाही तोवर शोभा दुसरा काढते. पण मेक्सिकोचे किस्से माझे आहेत, शोभाने त्यात मीठमसाला घातलाय. म्हणून म्हटलं, आपणच लिहावेत. शाळा माझी चौथीपर्यंत. शुद्धलेखन ज्याचं त्याने सुधारून घ्यावं.

तर माझ्या लेकीने, रूपालीने, uni मध्ये, म्हणजे कॉलेजात, दिएगो शोधला. मेक्सिकोचा. जुन्या माया लोकांची मोठमोठी दगडी देवळं आहेत ना, त्यांच्याजवळच्या लहानशा गावातला. पोरगा बरा. पण पहिल्याच भेटीत मला "आई" म्हणाला.

मी म्हटलं, "अजून नाही!"

नवऱ्याला विचारलं, काय करायचं? तो म्हणाला, "तू बघून ये. तुला पटलं तर मला पटलं." बावीस वर्षं ऑस्ट्रेलियात राहून माणूस एवढंच शिकला.

आमच्यात मुलीसाठी मुलाचं घर बघायला गेलं की पसंती होईपर्यंत तिथलं काही तोंडात घालत नाहीत. तोंडात घातलं म्हणजे होकार दिला. रूपालीला विमानातच सांगून टाकलं, "पटेपर्यंत त्यांच्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही."

ती म्हणाली, "आई, it's forty degrees there!"

"मग लवकर पटवा."

०

सोबत शोभा होतीच. माझ्या शेजारच्या पाटावर लाटते, म्हणून लग्नातही शेजारीच पाहिजे.

दिएगोचं घर अंड्यासारखं लांबट गोल, वर झावळ्यांचं छप्पर. आत शिरले. पलंग नाही, गादी नाही. भिंतीत नुसत्या खुंट्या.

"झोपतात कुठे?"

दिएगोने खुंट्या दाखवल्या. म्हणाला, रात्री त्यांना झोळ्या बांधतात.

"म्हणजे माझ्या मुलीला खुंटीला टांगणार?"

रूपालीने याचं भाषांतर केलं नाही. एक बांधूनही दाखवली. तेवढ्यात शोभा तिच्यात बसायला गेली आणि पाय वर, डोकं खाली! दिएगोची आई लूसबाई, मी आणि दोन कोंबड्या धावलो. शोभा आतून ओरडतेय, "लग्न ठरो न ठरो, मला आधी उतरवा!"

लूसबाई पोट धरून हसली. मी हसले नाही. घर बघायला गेलेल्याने हसायचं नसतं.

०

दुसऱ्या दिवशी देवळं बघायला नेलं. डोंगराएवढं दगडी देऊळ, वर चढायला बंदी. गाइड सगळ्यांना घेऊन देवळाला डाव्या हाताला ठेवून निघाला.

शोभा म्हणाली, "अहो भाऊ, उलटं चाललात!"

प्रदक्षिणा कुणी उलटी घालतं का? आम्ही दोघी वळलो. आमच्यामागे टोप्या घातलेले चार गोरेही वळले, त्यांना वाटलं तिकडे काहीतरी आहे. गाइड एकटाच उभा, हातात छत्री.

दिएगो धावत आला. "आई, इथे आता देव नाही."

"आहे की नाही ते तू ठरवणार? आणि आई म्हणू नकोस."

दोन दिवसांनी दिएगोच सांगत आला, गाइड आता सगळ्यांना आमच्याच बाजूने फिरवतो. सकाळी तिकडे सावली असते म्हणे.

०

खायचं म्हणाल तर आम्ही भाड्याने घेतलेल्या खोलीवर घरून आणलेल्या दशम्या होत्या आणि शेंगदाण्याची चटणी. घरी गेलं की लूसबाई लिंबाचं सरबत पुढे करायची. मी हात जोडायचे. ती पुन्हा करायची, मी पुन्हा जोडायचे. शोभाने मात्र पहिल्याच दिवशी तीन ग्लास रिचवले. म्हणे, "मी कुठे मुलीची आई आहे!"

तिसऱ्या दिवशी लूसबाईने डॉक्टर बोलावला! हिला गिळता येत नाही, असं तिला वाटलं. डॉक्टरने माझा घसा बघितला, जीभ बघितली. म्हणाला, "घसा उत्तम आहे."

शोभा म्हणाली, "ते सिडनीलाही सगळ्यांना माहीत आहे."

डॉक्टर गेल्यावर रूपाली रडवेली झाली. "आई, त्यांना वाटतंय तुला त्यांची किळस येते."

मला ते लागलं. पण नेम म्हणजे नेम. शेवटी रूपालीनेच त्यांना तो समजावून सांगितला.

०

चौथ्या दिवशी लूसबाईने रूपालीला चुलीजवळ बसवलं. तिथे मक्याच्या भाकऱ्या हाताने थापतात, पुरीएवढ्या. लूसबाईच्या टम्म फुगायच्या. रूपालीची तव्यावर पडली आणि तशीच पडून राहिली.

लूसबाईने दिएगोकडून विचारलं, "हिला कुणी शिकवलं?"

पोळ्यांवर जगणाऱ्या बाईची मुलगी! मी म्हटलं, "सांग तिला, uni ने."

रूपालीची भाकरी लूसबाईने स्वतःच्या ताटात घेतली आणि फुगलेली रूपालीला दिली. मी बघून ठेवलं.

०

शेवटचा दिवस. दुपारी निघायचं. मी अजून हो म्हटलं नव्हतं, नाहीही नाही. रूपालीचा चेहरा एवढासा. लूसबाईने सगळं गणगोत जेवायला बोलावलं होतं. चुलीवर काळ्या घेवड्याचं मोठं भांडं रटरटत होतं. अंगणात हाका सुरू झाल्या, पाहुणे आले. लूसबाईने डाव माझ्या हातात दिला, भांड्याकडे बोट दाखवलं आणि गेली.

आता भांडं माझ्यावर सोपवल्यावर मी काय नुसती बघत बसणार? ढवळलं. जाळ कमी केला. बावीस वर्षं जे करते तेच केलं. डावातला थेंब तळहातावर घेतला आणि चाटला.

झोळीतून शोभा किंचाळली, "अगं, खाल्लंस!"

रूपाली दारात. मागे दिएगो, हातात ताटं. त्याच्यामागे लूसबाई. कुणी हलेना. कोंबड्यासुद्धा गप्प.

दिएगो अगदी हळू म्हणाला, "आई...?"

"काय आई आई लावलंयस? मीठ कमी आहे, घेऊन ये!"