रोहनच्या डाव्या पायाची खरी हकीकत

डॉक्टरांनी स्क्रीन आमच्याकडे वळवला आणि पेनच्या टोकाने दाखवलं. "ही उजवी धमनी. ही डावी. डावीतून रक्त जवळजवळ जातच नाहीये."

उजवी सरळ होती. डावी जांघेच्या वर मुरडलेली आणि मुरडीच्या पुढे दोऱ्याइतकी बारीक दिसत होती. माझा मुलगा रोहन खाटेवर बसला होता. त्याला नुकतंच सायकलवर बसवून पार दमवलं होतं, अंगावरून घाम गळत होता. तो रडेल असं मला वाटलं, पण तो हसला. डचमध्ये म्हणाला, "म्हणजे मला खरंच काहीतरी झालंय."

ते हसू मला अजून सहन होत नाही. आधीची दोन वर्षं त्याला काही झालेलं नाही असं सांगणाऱ्यांत मी पहिला होतो.

ही आइंडहोवनजवळच्या एका हॉस्पिटलातली, २००५च्या शरदातली गोष्ट आहे. मी आता ऐंशी ओलांडली आहे. ज्यांच्या घरात कुणी जोरात सायकल चालवतं त्यांच्यासाठी हे लिहितो आहे, आणि एका माणसावर माझ्यामुळे आलेला आळ काढायचा आहे म्हणूनही.

रोहन इथेच, नेदरलँड्समध्ये जन्मला, इथल्याच सायकल क्लबात वाढला आणि व्यावसायिक रोड रेसर झाला, म्हणजे रस्त्यावरच्या लांब शर्यतींचा सायकलपटू. पण तो जिंकणाऱ्यांतला नव्हता. डचमध्ये ज्याला 'क्नेख्त' म्हणतात तो, म्हणजे संघाच्या नायकाचा मदतनीस. नायकाला वारा लागू नये म्हणून पुढे राहायचं, मागून येणाऱ्या संघाच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या जर्सीत कोंबून आणायच्या, आणि शेवटच्या चढाआधी सगळी ताकद संपवून बाजूला व्हायचं. पेपरात त्याचं नाव बारीक अक्षरांत, खालच्या ओळींत यायचं. तो ते काम फार चांगलं करायचा, असं त्याच्या सोबतचे म्हणत. मी त्याला तसं कधी म्हटलं नाही.

आजाराचं नाव एक्स्टर्नल इलिअॅक आर्टरी एन्डोफायब्रोसिस. पोटातून मांडीकडे रक्त नेणारी ही धमनी. सायकलपटू कमरेत वाकून वर्षानुवर्षं पेडल मारतो, आणि दर फेऱ्याला ती जांघेत दुमडते. हळूहळू तिचा आतला थर जाड होतो, वाट अरुंद होते. तंबाखू, तूप, कोलेस्टेरॉल यांचा याच्याशी संबंध नाही. माणूस तरुण आणि धडधाकट असतो, म्हणूनच कुणाला शंका येत नाही.

पहिलं लक्षण लिम्बुर्गच्या टेकड्यांवर दिसलं. शर्यतीनंतर घरी आला आणि मराठीत म्हणाला, "बाबा, पाय झोपतो." एरवी तो मराठी समजायचा, पण उत्तर डचमध्येच द्यायचा. पूर्ण जोर लावला की डावी मांडी दगड व्हायची, तळवा बधिर पडायचा. थांबलं की थोड्या वेळात सगळं ठीक.

मग चकरा सुरू झाल्या. हाउसआर्ट्स, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, त्याने पाठीवर संशय घेतला. फिजिओने सीट वर केली, मग खाली केली. कण्याचा एमआरआय झाला. टिलबर्गच्या एका डॉक्टरांनी त्याला आडवं झोपवून घोट्याशी रक्तदाब मोजला. सगळं नॉर्मल.

मी आयुष्यभर एका कारखान्यात पॉवर सप्लायच्या चाचण्या केल्या. विभागात नवा माणूस आला की त्याला बजावायचो, लोड न लावता घेतलेलं रीडिंग कचऱ्यात टाक. आणि माझ्या मुलाचा पाय गादीवर झोपवून मोजला, तो आकडा मी मात्र प्रमाण मानला.

त्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कुलकर्ण्यांनी विचारलं, "काय हो, यंदा रोहन टीव्हीवर दिसला नाही?"

मी म्हटलं, "चढ आला की त्याचा पाय झोपतो. आमचे पाय तर ऑफिसात रोज झोपायचे, पण पगार चुकला नाही कधी."

सगळे हसले. रोहन मसालेभाताची प्लेट घेऊन शेजारीच उभा होता. त्याने प्लेट टेबलावर ठेवली आणि बाहेर गेला. घरी गेल्यावर माझी बायको सुनंदा मला एवढंच म्हणाली, "त्याला मराठी कळतं हो."

आता मुख्य गोष्ट. पुढच्या मोसमाच्या तोंडावर संघाच्या व्यवस्थापकाचा मला फोन आला. रोहनच्या सरावाचे आकडे मी त्याला पाठवत असे, म्हणून तो मला 'इंजिनिअर' म्हणायचा.

"इंजिनिअर, आमचे डॉक्टर म्हणतायत की रोहनला सायकलवर दमवून मग पायाची तपासणी करायला हवी. त्यासाठी खास हॉस्पिटल आहे. वेळ जाईल, आणि शर्यती तर तोंडावर आल्यात. तुम्ही त्याला ओळखता. पाय आहे की डोकं?"

"डोकं," मी म्हणालो. "सगळ्या तपासण्या झाल्यात. लाड केलेत तर आणखी बिघडेल."

"मग राहू दे," तो म्हणाला. त्याला तेच ऐकायचं होतं, आणि मला तेच वाटत होतं. या फोनबद्दल मी घरात कुणालाही सांगितलं नाही.

रोहन तशाच शर्यती करत राहिला. नायकाला गरज असते नेमक्या त्या वेळी मागे पडायचा. पुढे संघाने करार वाढवला नाही. एका लहान संघाकडून खेळताना तर त्याचा पाय पांढरा पडला आणि पेडलला अडकवलेला बूट निघेना. त्या आठवड्यात आमचा हाउसआर्ट्स रजेवर होता. बदली डॉक्टरीणबाईंनी त्याला जिना वरखाली पळायला लावलं आणि लगेच घोट्याची नाडी पाहिली. ती लागलीच नाही. तिथून आम्ही त्या स्क्रीनसमोर पोचलो.

ऑपरेशनचं नाव एन्डआर्टरेक्टमी. धमनीचा जाड झालेला आतला थर काढायचा आणि त्याच्याच पायाच्या शिरेचं ठिगळ लावायचं. आम्ही बाहेर बसलो होतो. सुनंदा मनातल्या मनात रामरक्षा म्हणत होती. सून मारेके कॉफीचा कप धरून होती, पीत नव्हती.

सर्जन बाहेर आले. "तो चालेल, सायकलही चालवेल. शर्यत मात्र नाही. सुरुवातीला ही नुसती मुरड असते. तेव्हा धमनी भोवतालच्या ऊतींतून मोकळी केली की बरेच जण परत खेळतात. इथे फार लांबवर नुकसान झालंय."

मारेकेने विचारलं, "सुरुवातीला म्हणजे किती आधी?"

"दीड-दोन वर्षं."

मी सुनंदाच्या हातातली पिशवी माझ्याकडे घेतली. काहीतरी धरायला हवं होतं.

नंतरचे दिवस इतरांना उपयोगी पडतील म्हणून सांगतो. जांघेतली जखम खोकलं तरी दुखते, उशी दाबून धरावी. पाय कमरेत फार दुमडू देत नाहीत, त्यामुळे बसण्याचेही हाल होतात. रक्त पातळ ठेवायची गोळी चालू राहते. आणि पाऊल गरम होतं. रोहन येणाऱ्या प्रत्येकाला ते हात लावून बघायला सांगायचा. मलाही सांगितलं. मी लावला.

तो घरी आल्यावर इथल्या पेपरचा माणूस आला. मी स्वयंपाकघरात चहा टाकत होतो. रोहनचा आवाज आला, "संघाच्या डॉक्टरांनी माझं दुखणं कधी मनावरच घेतलं नाही." ते तसंच छापून आलं. डॉक्टर ब्रेडाला राहायचे. रुग्णाबद्दल बाहेर बोलायचं नाही या नियमामुळे ते गप्प राहिले. पुढे त्यांना कुठल्या संघाने बोलावलं नाही, असं कानावर आलं. मंडळात लोक म्हणायचे, "काय एकेक डॉक्टर असतात!" मी मान हलवायचो.

सुनंदा गेली. तिलाही मी सांगितलं नव्हतं.

गेल्या वर्षी माझ्या छातीत दुखू लागलं. झोपवून काढलेला ईसीजी चांगला आला, पण हृदयाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "याचा भरवसा नाही, तुम्हाला जोर लावायला लावून बघू." त्यांनी मला ताबडतोब तपासलं, औषधं दिली. मी बरा आहे. पण ट्रेडमिलच्या त्या पट्ट्यावर चालताना मला दुसरं काही सुचत नव्हतं. त्याच संध्याकाळी मी रोहनला फोनची गोष्ट सांगितली.

तो आता टिलबर्गला मालवाहतुकीच्या कंपनीत काम करतो. ऐकून म्हणाला, "बाबा, इतकी वर्षं मी त्या माणसाला शिव्या घातल्या." मग विचारलं, "त्यांना सांगितलंस?"

"नाही."

"शनिवारी जाऊ."

तुमच्या घरात कुणी म्हणालं की जोर लावल्यावरच दुखतं, तर जोर लावूनच तपासा म्हणून हट्ट धरा. दोन्ही पाय तपासायला लावा. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून माणसाला खोटं ठरवू नका. आणि त्याच्याबद्दल कुणी तुम्हाला विचारलं, तर त्यालाच विचारा म्हणून सांगा.

शनिवारी रोहनने मला ब्रेडाला नेलं, पण तो गाडीतच बसून राहिला. डॉक्टर खूप म्हातारे दिसत होते. मी दारात उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी व्यवस्थापकाला सांगून मोकळा झालो. त्याने नको म्हटल्यावर रोहनला मी स्वतः फोन करू शकलो असतो. केला नाही. या बसा."

मग त्यांना माझ्यामागची गाडी दिसली. चपलांवरच ते रस्त्यापर्यंत गेले, खिडकीशी वाकले आणि म्हणाले, "पाय कसा आहे?"

रोहनने काच खाली केली. थंडीत पाऊल अजून गार पडतं, तो म्हणाला. लांब चढावर मांडी जड होते. मग लिम्बुर्गच्या त्या पहिल्या दिवसापासून सगळं सांगू लागला. कुठे पाय गेला, तेव्हा पुढे कोण होतं, बाटल्या कुणाला द्यायच्या राहिल्या. डॉक्टर मधूनमधून प्रश्न विचारत होते. मला माफ केलं असं रोहन म्हणालेला नाही, आणि मीही विचारलेलं नाही. त्या दिवशी त्याचं दुखणं मी पहिल्यांदाच पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. मी गाडीच्या दुसऱ्या बाजूला उभा होतो, आणि मधे एक शब्द बोललो नाही.