नैरोबीकरांची तालीम

उज्जैनच्या आमच्या मराठी शाळेतून शिकून आफ्रिकेत गेलेल्यांनी नैरोबीला मंडळ काढलं, शाळेला मदत करायला. त्याचा पहिला नियम असा की सभासद मॅट्रिक झालेला हवा आणि समुद्रापलीकडे राहणारा हवा. मी नववीत शाळा सोडून भैरवगढच्या छापील चादरी सायकलवर लादून विकायला लागलो होतो, आणि राहत होतो इथेच, उज्जैनच्या फ्रीगंजात. म्हणजे दोन्हीकडून बाद. तरी त्यांची पत्रं यायची मलाच. छप्पर कसं आहे ते पाहून कळव, हेडमास्तरांना भेटून ये, आणि जमलं तर चांगल्या चादरींचा एक गठ्ठाही पाठव. सभासद ते, पायपीट माझी.

ही पायपीट मी करत राहिलो ती थोरल्या मुलीपायी. मुलींची मराठी शाळा सातवीपर्यंतच होती. पुढे आमच्या शाळेत यायचं तर मुलींना वेगळी खोली पाहिजे, यावर हेडमास्तर अडून बसले होते. "शेठ, खोली द्या, मुली घेतो," एवढंच ते म्हणायचे. नेमकं तेव्हाच मध्य भारत मोडून मध्य प्रदेश झालं. खोलीसाठीचे आमचे अर्ज ज्या कचेरीत पडले होते ती भोपाळला गेली, बाबू बदलले, आणि आमची शाळा कुठल्या साहेबाच्या टेबलावर आहे हे कुणाला सांगता येईना. मी स्वतः भोपाळला गेलो. तिथल्या साहेबाने मान वर न करता विचारलं, "उज्जैन में मराठी स्कूल भी है?" मी काय उत्तर दिलं ते लिहीत नाही. चपराशाने मला बाहेर आणून सोडलं.

मुलगी सातवी पास होऊन घरी बसली. आणखी वर्ष गेलं असतं तर तिचे मामा स्थळं घेऊन हजर झाले असते. मी नैरोबीला लिहिलं, मुलींसाठी एक खोली बांधून द्या. बोटीने पत्र जाणार, मग सभा भरणार, मग बोटीने उत्तर येणार. ते आलं. मंडळाने एकमताने ठरवलं होतं की शाळेला तालीम बांधून द्यावी, मधोमध मल्लखांब असलेली, आपल्या वेळी होता तसा. मुलींच्या खोलीचा विचार यथावकाश.

पाठोपाठ मंडळाचा चिटणीस रजेवर आला. हा माझा बाकावरचा सोबती, तिकडे रेल्वेच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर. उतरला माझ्याच घरी.

जेवताना मी विचारलं, "मल्लखांब शिकवणार कोण? शिकवणारे मास्तर गेले पुण्याला. इकडे आता मराठी माणसाचं काही खरं नाही, म्हणाले."

"दुसरा मिळेल."

"मुलं कवायत करतात आता. एकाला तरी लंगोट बांधता येतो का विचार."

"म्हणूनच तर हवी तालीम! अरे, त्या खांबावर आपण वाढलो."

"तू वाढलास? पहिल्याच दिवशी घसरून रडत घरी गेला होतास."

स्वयंपाकघरात बायको हसली. तो लाल झाला. "तू दुकानदार तो दुकानदारच राहिलास. मंडळाचा ठराव म्हणजे चादर नाही घासाघीस करायला."

भैरवगढला छपाईवाला अडून बसला की मी उठून चालायला लागतो. चार पावलांवर त्याची हाक येते. तसाच ताटावरून उठलो, हात धुतले, वहाणा घातल्या. रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं की घर माझंच आहे. हाक कुणी मारली नाही. खिडकीतून पाहिलं तर तो दाल-बाफले पुन्हा वाढून घेत होता.

परत आलो आणि भाव बदलला. "बांध तालीम. खांबही रोव मधोमध. पण तालीम सकाळ-संध्याकाळची. अकरा ते पाच ती काय करणार?"

"बंद राहील."

"तेवढ्या वेळात मुली बसतील."

"तालमीत मुली? मंडळाला काय तोंड दाखवू?"

"दाखवू नकोस. तुझं मंडळ समुद्रापलीकडे आहे."

त्याने ताटातला बाफला संपवला. मग म्हणाला, "खांब हलवायचा नाही. आणि दरवर्षी त्यावर चढलेल्या मुलाचा फोटो पाठवायचा." मी हो म्हणून मोकळा झालो.

बांधकामावर मीच उभा राहिलो. मिस्त्री विचारायचा, "सेठ, अखाड़े में इतनी खिड़कियाँ? पहलवान को सर्दी लग जाएगी."

जुलैत मुलींची आठवी त्या तालमीत भरली. मधोमध सागाचा खांब, भोवती सतरंजीवर मुली. खांबामागे बसणारीला फळा दिसायचा नाही, म्हणून त्या रोज जागा बदलायच्या. खांबाला एरंडेल लावत जा, असं नैरोबीहून कळवलेलं, आणि हेडमास्तर ते इमानाने लावायचे. मुलगी घरी यायची ती परकराला तेल घेऊन. "शिकायला पाठवता की कुस्ती खेळायला?" बायको विचारायची.

फोटोचं लचांड वेगळंच. पहिल्या वर्षी चढणारा एक मुलगा मिळाला. दुसऱ्या वर्षी त्यालाच स्टुलावर उभं करून खांबाला मिठी मारायला लावली. तिसऱ्या वर्षी तो शाळा सोडून गेला, आणि इकडे मुली मॅट्रिकला आलेल्या. फोटो नाही म्हणताच मंडळाचं पत्र आलं, तालीम तालीम म्हणून चालत नसेल तर मुलींचा वर्ग तिथून हलवावा.

हेडमास्तर घाबरले. "शेठ, मी त्यांना व्हरांड्यात बसवतो."

"रस्त्यावरून दिसणाऱ्या व्हरांड्यात? निम्म्यांना घरचे उद्यापासून पाठवणार नाहीत!" मी असा ओरडलो की शेजारचा वर्ग थांबला. तिथूनच टावर चौकात गेलो, फोटोग्राफरला धरून आणलं आणि होता तसा फोटो काढवला. मधे खांब, भोवती मुली, फळ्यापाशी गणित करणारी माझी मुलगी. सोबत लिहिलं, "चढणारं कुणी नाही. शिकणाऱ्या या आहेत. ठराव काय करायचा तो करा."

पत्र पेटीत टाकलं आणि तडक शाळेत परतलो. इमारत त्यांची होती. उत्तर येईपर्यंत कुणाला हलवायचं नाही, एवढं हेडमास्तरांकडून कबूल करून घेतलं. ज्या बोटीच्या टपालाला मी वर्षानुवर्षं शिव्या घातल्या ते आता जितकं रेंगाळेल तितकं हवं होतं. रेंगाळलं. उत्तर आलं तेव्हा मुली परीक्षा देऊन मोकळ्या झाल्या होत्या.

फोटो एका सभासदाच्या घरी बायकांच्या हाती लागला होता. मुली जमिनीवर का बसतात, असं त्यांनी आपापल्या नवऱ्यांना विचारलं. ठराव झाला, बाकं द्यावीत. खाली लिहिलं होतं, स्त्रीशिक्षणाचा विचार मंडळाने प्रथमपासूनच केला होता. प्रथमपासून!

मुलगी पास झाली. पास झालेल्या मुलींच्या सत्काराला तोच चिटणीस पुन्हा आला आणि मंडळाच्या दूरदृष्टीवर बोलत सुटला. खरं काय ते सांगायला मी उठलो. बायकोने कोट धरला. "बसा. तिचं नाव अजून घ्यायचंय."

बसलो. नाव घेतलं, ती वर गेली, टाळ्या झाल्या. मग मी पुन्हा उठलो, पण तोवर लोक चहाकडे निघाले होते.