शबानाच्या सायकलचा चिमटा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, तर सरळ सांगायला हवं — जमेल का, बघू.

मी उमरग्यात दातांची डॉक्टर. चाळिशीत सायकलचं वेड लागलं. रोज सकाळी हायवेला आम्ही दोघी, मी आणि शबाना. ती जवळच्या गावात झेडपीच्या शाळेत शिक्षिका, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. मला डॉक्टर म्हणायची, अहो-जाहो करायची — आणि प्रत्येक चढाला मला मागं टाकायची. वर पोचली की वळून हसायची. त्या हसण्यात वाकडं काही नव्हतं हो. मग मला ते का टोचावं?

त्या वर्षी उमरगा ते जळकोट आणि परत अशी शर्यत ठरली. बायकांचा वेगळा गट, पहिल्यांदाच! अंगात काय वारं भरलं होतं म्हणून सांगू! पेशंटच्या तोंडात ड्रिल धरून मी मनात गिअर बदलायची. पण शबाना असताना मी पहिली येणार कशी?

शर्यतीच्या चार दिवस आधी ढाब्याच्या भिंतीला टेकवलेली तिची सायकल घसरून दगडावर पडली. पुढचं चाक ज्यात बसतं त्या चिमट्यावर बोटभर चरा उठला. चिमटा कार्बनचा. कार्बन लोखंडासारखा आधी वाकत नाही; आत तडा असला तर एकदम तुटतो. म्हणून ती दुपारी सायकल घेऊन थेट दवाखान्यात आली. दातातला केसाएवढा तडा शोधणारी बाई हाही शोधेल, असा तिचा भरवसा.

मी दिव्याखाली भिंगातून बघितलं. नख फिरवलं — कुठं अडकलं नाही. अंगठ्यानं दाबलं — कुठं मऊ लागलं नाही. मग रुपयाच्या नाण्यानं वरपासून खालपर्यंत वाजवलं. तडा असला की आवाज बसका येतो. इथं दोन्ही बाजूंना सारखाच, खणखणीत. चरा नुसत्या रंगाला होता. मला कळलं होतं. पुरतं कळलं होतं.

"आत तडा गेलाय," मी म्हणाले. "मागं ट्रक असताना तुटला तर?"

तिनं चऱ्यावरून बोट फिरवलं. तिची लेक तेव्हा तीन वर्षांची. नवा चिमटा मागवायचा तर आठ-दहा दिवस जाणार. संध्याकाळी तिनं शर्यतीतून नाव काढून घेतलं.

आणि मी जिंकले! जळकोटहून परतताना वारा पाठीशी, पाय जणू माझे नव्हतेच, छाती फुटेल की काय असं वाटत होतं — आणि पुढं एकही बाई नाही! शेवटच्या रेषेपाशी सगळ्यात मोठ्यानं कोण ओरडत होतं? शबाना. ती गळ्यात पडली. मी तिच्या खांद्यावर रडले. लाजेनं नव्हे, आनंदानं. तेही सांगून टाकते.

दुसऱ्या दिवशी ती मला वेल्डिंगच्या दुकानात घेऊन गेली. चिमटा तसाच भंगारात टाकला आणि कुणी उचलून बसवला तर? म्हणून तिला तो कापूनच टाकायचा होता. करवत नेमकी चऱ्यावरून गेली. आत कार्बनचे थर एकावर एक घट्ट, काळेभोर. कुठं रेघसुद्धा नाही. तिनं तुकडा माझ्या हातात दिला.

"दिसतोय का हो तडा, डॉक्टर? मला तर काय कळंना."

तेव्हा तरी? एका शब्दाचं तर काम होतं.

"दिसतोय की," मी म्हणाले.

"लई उपकार झाले तुमचे. पोरीची आई वाचली."

पुढं तिनं साधा लोखंडी चिमटा बसवला. सायकल जड झाली. आता चढाला मी पुढं असते. कुणी कार्बनची सायकल घेतली, कुठं खरचटली, की शबाना त्यांना माझ्याकडं घेऊन येते. मी नाणं वाजवते, खरं तेच सांगते. डॉक्टरांनी माझा जीव कसा वाचवला, हे ती दर वेळी त्यांना रंगवून सांगते. मी शेजारी उभी राहून मान हलवते. गेल्या रविवारीही हलवली.