चढावर थांबवलेली लाल गाडी

डाव्या गुडघ्याला क्लच झेपेना आणि मला गाडी चालवणं सोडवेना, म्हणून बेताच्या पैशांत जुनी ऑटोमॅटिक बघायला आम्ही साताऱ्याला गेलो. मी लाल गाडीवर भाळले. दलाल मात्र तिची स्तुती करेना. नुसता टायरवरून हात फिरवत राहिला.

"आवं आजी, रिकामी गाडी कुनाचीबी पळती. समदी बसा," म्हणत त्यानं लेक, सून, नात मागं कोंबली आणि मेढ्याच्या वाटेवर, ऐन चढात मला थांबायला लावलं. पुन्हा निघताना गाडी गचके देत जागीच धापा टाकू लागली.

"ही न्हाई द्यायची तुमाला," तो म्हणाला.

विशीत मी नुसत्या मिशा बघून नवरा पसंत केला होता. तेव्हा चढ दाखवणारं कुणी भेटलं नाही.

मग परत येऊन दलालानं मातकट रंगाची दुसरी गाडी काढली. त्याच चढावरून ती सगळ्यांना घेऊन निमूट निघाली. चालवत मीच होते.