पेंढ्याचं वासरू

आमच्या घरातली पहिली बी.ए. मी. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीतून रोज बसनं पापनाशमजवळच्या निराधार बायकांच्या आश्रमात जायची, समाजसेविका म्हणून. त्या शब्दाचा मला फार रुबाब होता.

तिथं एक बाई होती. बाळ गेल्यावर घरच्यांनी आणून सोडलेली. बोलायची नाही, भात पुढं केला की तोंड फिरवायची. दिवसभर व्हरांड्यात येरझारा. मीही तिच्यासोबत फिरायची. कॉलेजात शिकलेलं सगळं बोलून संपलं. पोंगलच्या सणापर्यंत जेवली नाही तर लांबच्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवायची, असं आश्रम चालवणाऱ्या मोठ्या बाईंनी ठरवलं होतं. मला घरीही एका जागी बसवेना.

सकाळी गवळी गाय घेऊन आश्रमाच्या दारात यायचा, डोळ्यांदेखत धार काढायचा. तिचं वासरू मेलेलं. आमच्याकडच्या रीतीनं त्यानं वासराचं कातडं पेंढा भरून शिवलं होतं. ते पुढं उभं केलं की गाय चाटायची आणि पान्हा सोडायची.

एकदा ती बाई तरातरा पायऱ्या उतरली आणि ते वासरू तिनं गाईपुढून उचललं.

"पोय," ती गाईला म्हणाली. म्हणजे खोटं.

आम्ही ऐकलेला तिचा पहिला शब्द. गवळी कुरकुरला, आता ही थेंब देणार नाही. दिलाही नाही. बाई मात्र गाईची मान खाजवत उभी राहिली, येरझारा थांबल्या.

गाय इथंच ठेवा, म्हणून मी हट्ट धरला.

"बी.ए. अम्मा, हा आश्रम की गोठा?" मोठ्या बाईंनी विचारलं.

जबाबदारी माझी, म्हटलं. आटलेली गाय गवळ्यालाही जड झाली होती, त्यानं ती सोडली. घरी आई म्हणाली, "एवढं शिकून गाई राखतेस काय गे?" पोंगल जवळ येत होता, आणि बाई अजून पेजेवरच होती, तीही बळेबळे पाजलेली.

गाईबैलांच्या पोंगलला आम्ही गाईची शिंगं रंगवली. बाईनं गोड भाताचा गोळा तिच्यापुढं धरला. गाईनं तोंड फिरवलं. बाईनं पुन्हा धरला, पुन्हा तेच. मग रुसलेल्या लेकराला दाखवावं तसा तिनं त्यातला घास आपल्या तोंडात घातला, चावला, गिळला आणि उरलेला पुढं केला. गाईची जीभ बाहेर आली.

दुसऱ्या घासालाही तिनं तसंच केलं.

मोठ्या बाई व्हरांड्यातून बघत होत्या. त्या मला म्हणाल्या, "आणखी भात आण."