पाऊण तासाचा इंटरव्हल

इंटरव्हल झाला आणि पब्लिक आत जायचं सोडून गेटकडं निघालं. थिएटरचे मालक अण्णा बुकिंगच्या खिडकीला टेकून उभे होते. मी शेजारीच. उद्यमनगरात माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं. पिक्चरच्या जाहिरातीसाठी कंपाउंडात उभा केलेला नऊ फुटी लोखंडी रोबोट माझ्या हातचा.

पिक्चरच्या पहिल्या भागात रोबोटनं अडीच तास नुसती धुलाई केली होती. कोल्हापूरनं पिक्चर डोक्यावर घेतला. आता लागलेल्या दुसऱ्या भागात मात्र रोबोट सुधारलेला. समुद्राकाठी बसून एका पोरीला विचारतो, "मैं कौन हूँ?" एकदा नाही, चारदा. आमच्याकडं कोण असं विचारायला लागलं तर घरचे लिंबू उतरून टाकतात.

एक पैलवान अण्णांसमोर येऊन थांबला.

"मालक, ह्यो मारामारी कवा करणार हाय? खरं सांगा."

अण्णांना खोटं बोलता येत नसे.

"त्यो करत न्हाय, तर आमीच सुरू करू काय?"

मागं शंभरेक जण होते. अण्णांच्या पोरांना थिएटर पाडून मंगल कार्यालय काढायचं होतं. "हा पिक्चर पडला तर पाडायच्या कागदावर सही करतो," असं अण्णा घरात बोलून बसले होते. त्यांनी माझा दंड धरला. "मिस्त्री, तुमचा तरी चालवा."

रोबोटच्या खांद्यात मी कॅम बसवला होता. कॅम म्हणजे एका बाजूला फुगलेलं चाक. फिरताना ते हात हळूहळू उचलतं आणि टोकाला आलं की एकदम सोडतं. नुसता सलाम ठोकायचा, एवढाच बेत होता. मी पुढ्यात डांबराचं रिकामं बॅरल ठेवलं आणि मोटर चालू केली. पहिल्या दणक्यात बॅरल चेपलं. शिट्ट्या सुरू झाल्या. पैलवान सगळं विसरून बॅरल सरळ करून द्यायला लागला. आयुष्यभर दुसऱ्यांची ड्रॉइंगं बघून माल केला, पण त्या दिवसासारखा अभिमान कधी वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी इंटरव्हल वीस मिनिटांचा केला, रविवारी पाऊण तासाचा. लोक तिकीट काढून आत बसायचे, डुलकी काढायचे, इंटरव्हलला बाहेर यायचे आणि बॅरल चेपलं की घरी जायचे. पिक्चर पाच आठवडे चालला.

मग मुंबईहून प्रोड्युसरचा फोन आला. बाकी सगळीकडं पिक्चर चार दिवसांत उतरला होता. कोल्हापूरच्या पब्लिकला नेमकं काय आवडलं, असं ते विचारत होते. अण्णा चाचरायला लागले. मी रिसीव्हर घेतला.

"साहेब, मॅनेजर बोलतोय. लोकांना विचार आवडला."

"मला वाटलंच होतं. आपला प्रेक्षक बदलतोय," साहेब म्हणाले.

अण्णा चिडले. "कशाला खोटं बोललासा?"

"थिएटर वाचलं न्हवं?"

दोन वर्षांनी तिसरा भाग आला. प्रोड्युसरनं मान म्हणून सगळ्यांत आधी कोल्हापूरला दिला, तोही चार आठवडे उतरवायचा नाही या अटीवर. त्यात रोबोट कुणावर हात उगारतच नाही. ध्यानाला बसतो. एकदा तर सलग अकरा मिनिटं. मी पुन्हा बॅरल मांडलं, पण लोक म्हणाले, ते बघून झालंय की. तिसऱ्या आठवड्यात मोकळ्या खुर्च्यांसमोर पिक्चर फिरत होता आणि अण्णा दारात एकटे बसलेले असायचे. त्यांनी सही केली.

मंगल कार्यालयाचं गेट मीच केलं. अण्णांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. तेच जास्त लागलं.

फाउंड्रीत कधीकधी ओतीव मालात पोकळी राहते. त्याला ब्लोहोल म्हणतात. काही जण त्यात पुट्टी भरतात, वरून रंग मारतात आणि माल पास करून घेतात. मग ओतणाऱ्याला वाटतं आपला साचा बरोबर आहे, आणि तो त्याच साच्यात पुढचा नग ओततो.