उसना लोड

त्या दिवशी सकाळपासून दादा दुसऱ्यांच्या घरातल्या वस्तू आमच्या खोलीत आणून ठेवत होता. शिंपिणीचा कूलर, समोरच्यांचा हीटर, मास्तरांचं धुण्याचं मशीन, बेकरीवालीचा छोटा ओव्हन. एक आणायचा, खोकायचा, परत जायचा. मी म्हटलं दादा, दुकान टाकतोयस का? तर म्हणाला, "गप गं. साहेब येणारेत. लोड दाखवायचाय."

लोडचं सांगते. आम्ही दोघं भावंडं, लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून पोट भरतो. कोळशाची इस्त्री. सगळा जन्म त्या धुरात गेला, दादाच्या छातीचा पार भाता झाला होता. डॉक्टर म्हणाले कोळसा सोडा. विजेच्या इस्त्रीचं बिल झेपणार नाही म्हणून दादाने गच्चीवर सोलर बसवायचं काढलं. सोलरवाला आला, गच्ची बघून खूश झाला, मग मीटर बघून त्याचं तोंड उतरलं. म्हणाला, गच्ची मोठी असून उपयोग नाही, घराला जेवढा लोड मंजूर तेवढंच सोलर बसवू देतात. तुमचा एक किलोवॅट. त्यावर एक इस्त्री जेमतेम, दोन चालवायच्या तर तीन पाहिजेत. लोड वाढवून मिळतो, पण लाईट ऑफिसचे साहेब घरी येऊन काय काय चालतं ते बघतात.

आमच्याकडे काय चालणार, एक पंखा नि दोन दिवे. त्यात दादाचा स्वभाव असा की मी खोलीतून उठले की दिवा बंद. गल्लीत त्याला काळोखमामाच म्हणायचे. त्या काळोखमामाने कूलर मागितला तेव्हा शिंपीण म्हणाली, "मामा, ऊन लागलं का डोक्याला?"

साहेब दुपारी आले. चांगले होते हो. त्यांनी धुण्याच्या मशीनकडे बघितलं नि विचारलं, "काका, याला पाणी कुठून घेता?" नळ तर आमचा बाहेर, जिन्याखाली. दादा म्हणाला, "बादलीने." साहेब हसले नाहीत. मीच खाली बघितलं. मग दादाला काय वाटलं, सगळं चालू करून दाखवतो म्हणाला, नि एकदम सगळी बटणं दाबली. फट् झालं, फ्यूज उडाला, ओव्हनकडून जळका वास आला. नि नेमकी तेव्हाच बेकरीवाली दारात.

"मामा, झालं का? ओव्हन द्या बाई, माझी केकची ऑर्डर खोळंबलीय."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आमची भर दारात उघडली. साहेबांना बघून ती "नंतर नेते" म्हणत आल्या पावली गेली. साहेब चपला घालता घालता म्हणाले, "काका, इस्त्रीचं खरं सांगितलं असतं तर काहीतरी बघितलं असतं मी. आता हे कसं लिहू?"

ते गेल्यावर मी म्हटलं चल, वस्तू देऊन येऊ. दादा भिंतीकडे तोंड करून बसला. "आत्ता नको गं. अंधार पडू दे, मग नेऊ. आता कुणाला तोंड दाखवू?" तेवढ्यात खोकल्याची उबळ आली ती थांबेचना. पाठ चोळली, पाणी दिलं, ते ओठातूनच बाहेर आलं. अंधार पडायच्या आत दादा गेला.

तुम्ही सगळे विचारता कसा गेला, मी छातीचं सांगते. छातीचंच होतं. पण लाजेने गेला हे कुठल्या तोंडाने सांगू.

भेटायला माणसं आली ती त्याच खोलीत बसली. शिंपीण स्वतःच्याच कूलरला टेकून रडली. मास्तर स्वतःच्याच मशीनवर चहाचा कप ठेवून दादा किती सरळमार्गी होता ते सांगत होते. कुणी आपली वस्तू मागेना, नि मला घेऊन जा म्हणवेना. धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

शेवटी मीच एकेक वस्तू पोचवली, दिवसाउजेडी. ओव्हन सगळ्यात शेवटी. बेकरीवालीचे ॲप्रन दादाने अर्धेच केले होते, उरलेल्यांना मी इस्त्री केली, ओव्हनवर ठेवले नि घेऊन गेले.

"एवढी काय घाई होती ताई," ती म्हणाली. वर बघेना.

"चालतो का बघून घ्या वहिनी. त्या दिवशी वास आला होता."

"चालेल हो. न चालायला काय झालंय."

"बघूनच घ्या. त्याच्या मागे त्याला बोल नको."

तिने पिन लावली, बटण दाबलं. लाल दिवा लागतो त्याचा. लागला नाही. परत दाबलं. मग तिने हळूच पिन काढून घेतली.

"आमच्याकडची लाईटच गेलीय बघा," ती म्हणाली. "आली की बघते."

मी बरं म्हटलं नि उठले. डोक्यावर तिचा पंखा फिरत होता.